तू पुढे, मी मागे

आमच्या ह्यांचे डोळे जात होते आणि मला वाटत होतं, लग्नानंतरचा आमचा सगळ्यात सुखाचा उन्हाळा चाललाय. हे आधीच सांगून टाकते. मला कोडी घालता येत नाहीत आणि कुणी घातलेली आवडतही नाहीत. ह्यांनी मात्र मला वर्षभर एक कोडं घातलं आणि ते कोडं आहे हेसुद्धा कळू दिलं नाही.

ह्यांचं नाव नवल. सबंध नोकरी रेल्वेत, भुसावळला. आधी असिस्टंट, मग मालगाडीचे ड्रायव्हर, शेवटी मेलचे. आता त्याला लोको पायलट म्हणतात, पण हे स्वतःला ड्रायव्हरच म्हणवतात. डोळ्यांचा भारी तोरा. इंजिन चालवणाऱ्याचे डोळे रेल्वे वरचेवर तपासते आणि हे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तपासणीत पास. मी सुईत दोरा ओवायला चष्मा शोधायला लागले की हातातून सुई काढून घ्यायचे, एका झटक्यात ओवून द्यायचे आणि वर म्हणायचे, "ए-वन!" मला राग यायचा. सुई ओवण्यात कसली आलीय मर्दुमकी?

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं आणि जळगावात मेहरूणच्या बाजूला घर घेतलं. घर दोन खोल्यांचं, पण मागचं अंगण घराहून मोठं. मुलगी हेमांगी नाशिकला, जावयासोबत सुखात. आम्ही दोघंच. तेव्हा ह्यांनी दोन सायकली आणल्या. मला सायकल येत नव्हती. पन्नाशी उलटलेल्या बाईला हे मागून सीट धरून तलावाच्या रस्त्यावर पळवायचे आणि ओरडायचे, "पायाकडे बघू नको, समोर बघ! गाडी समोर बघून चालते!" मी दोनदा बाभळीत गेले, एकदा एका म्हाताऱ्याच्या अंगावर गेले. पण शिकले.

आणि शिकले ती रेल्वेच्या पद्धतीनं. इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघांनी समोरचा सिग्नल मोठ्यानं म्हणायचा असतो. एकानं म्हणायचं "हिरवा", दुसऱ्यानं बघून परत म्हणायचं "हिरवा". म्हणजे दोघंही जागे आहेत आणि दोघांनीही बघितलंय, हे पक्कं होतं. ह्यांनी ती सवय घरात आणली होती. बाहेर पडताना हे विचारणार, "गॅस बंद?" मी ओरडणार, "गॅस बंद!" सायकलवरही तेच. हे पुढे, मी मागे. हे म्हणणार, "खड्डा डावीकडे!" मी मागून, "खड्डा डावीकडे!" सकाळी फिरायला येणारी माणसं आमच्याकडे बघून हसायची. मला आधी लाज वाटायची. मग ती माणसंच आम्हांला बघून "खड्डा डावीकडे" म्हणायला लागली, तेव्हा लाज गेली.

होळी झाली की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आमचे दिवस. त्यानंतर जळगावचं ऊन माणसाला दाराबाहेर पाय टाकू देत नाही. पण तेवढ्या दिवसांत पहाटेची हवा मऊ असते. चहा घ्यायचा, तलावाला फेरी मारायची, काठावर थोडं बसायचं, ऊन चढायच्या आत घरी. मग अंगणात. ह्यांनी पाईप धरायचा, मी आळी नीट करायची. वांगी, मिरच्या, गिलक्याचा म्हणजे घोसाळ्याचा वेल, लिंबू, मोगरा. आणि एका वाफ्यात डांगर. खरबुजाला आम्ही डांगर म्हणतो. आखाजीला पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात. ते बाजारचं नको, घरच्या वाफ्यातलं असावं, हा माझा हट्ट. काम झालं की लिंबाखाली खाट टाकून कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा. ह्यापेक्षा जास्त सुख मला मागताही आलं नसतं.

ह्या वर्षी होळीनंतरच्या पहिल्याच सकाळी फाटकाशी सायकल काढताना हे म्हणाले, "आजपासून तू पुढे."

"का? तुमचं प्रमोशन झालं की माझं?"

"तुझं. तू ड्रायव्हर, मी असिस्टंट. सिग्नल तू म्हणायचा."

मला कोण आनंद झाला! तीस-पस्तीस वर्षं ह्या माणसामागून चालले. देवळात मागून, लग्नकार्यात मागून, हातात पिशवी आणि समोर ह्यांची पाठ. आता मी पुढे. "गतिरोधक!" मी ओरडायची. मागून लगेच, "गतिरोधक!" "कुत्रं उजवीकडे!" "कुत्रं उजवीकडे!" मी जरा जास्तच ओरडायची, खरं सांगते. शेजारच्या इंदिराबाई म्हणाल्या, "नवलभाऊंनी तुम्हांला चांगलंच डोक्यावर बसवलंय." मी म्हटलं, "बसवू द्या, उशिरा का होईना सुचलं." मला एक पिवळी ओढणीही घेऊन दिली ह्यांनी. पोरीबाळींसारखी ओढणी मी कशाला घालू, म्हटलं, तर म्हणाले, "घाल, छान दिसते." असं काही ह्या तोंडातून कधी निघत नाही. मी घातली.

अंगणातही ह्यांनी नवीनच खूळ काढलं. प्रत्येक वाफ्याच्या कडेनं खुंट्या ठोकल्या आणि गुडघ्याच्या उंचीवर सुतळ्या बांधल्या. मी म्हटलं, "इथंही रूळ टाकले का?" तर हसले. "ओळी सरळ राहतात," म्हणाले. सुतळीला हात लावत लावत वाफ्यावाफ्यातून फिरायचे. पाणी कधी आळ्यात पडायचं, कधी बाहेर. मी ओरडायची, "अहो, झाडाला घाला, रस्त्याला कशाला?" हे पाईप सरकवायचे आणि म्हणायचे, "रस्त्यालाही तहान लागते." मी हसायची. ह्या माणसाला म्हातारपणी विनोद सुचायला लागलेत, असं मला वाटायचं.

आणि मग ते डांगरांचं झालं. मी दुपारी बहिणीकडे गेले होते. परत आले तर वाफा स्वच्छ. गवताबरोबर ह्यांनी वेलही खुरप्यानं काढून टाकले होते. लिंबाएवढी फळं धरली होती, ती ढिगात पडलेली. हिरवी, लव असलेली. मी एक उचलून बघितलं. मला रडूच आलं.

"हे काय केलंत?"

"गवत काढलं."

"गवत? डांगराचं पान आणि गवत कळत नाही तुम्हांला? कुणब्याच्या पोटी जन्म घेतलात ना? आता आखाजीला तुमच्या आईच्या घागरीवर काय ठेवू, खुरपं ठेवू?"

हे खाली बसले होते, हातात खुरपं. ढिगाकडे बघितलं. जरा मान फिरवून फिरवून बघितलं, कोंबडी बघते तसं. मग म्हणाले, "चुकलं."

एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं. ह्या "चुकलं"नं माझं डोकं आणखी फिरलं आणि मी अबोला धरला.

आमच्या घरात अबोल्याला नियम आहे. ज्यानं धरला त्यानं सोडायचा. दुसऱ्यानं मध्ये लाडीगोडी लावायची नाही. हा नियम ह्यांचाच. ह्यांना सगळ्याला नियम लागतात आणि एकदा केला की ते रेल्वेच्या कायद्यासारखा पाळतात. त्या संध्याकाळी ताट वाढलं, न बोलता. हे जेवले, न बोलता.

सकाळी मात्र सायकली निघाल्या. अबोला असला म्हणून फेरी चुकवायची नाही, हाही नियमच. मी पुढे, हे मागे. मी एक शब्द बोलले नाही. गतिरोधक आला, मी गप्प. खड्डा आला, मी गप्प. मला वाटलं, कळू दे जरा, डांगर उपटलं की काय होतं. मागून ह्यांच्या सायकलीची चेन वाजत होती, तेवढाच आवाज. तलावाच्या अलीकडे जे वळण आहे तिथं कुणाच्यातरी बांधकामाची खडी रस्त्यात आणून टाकलेली होती. आदल्या दिवशी ती नव्हती. मी बाजूनं वळून पुढे गेले.

मागे खडखडाट झाला.

वळून बघितलं तर सायकल खडीच्या ढिगात आडवी आणि हे पलीकडे दगडांवर. कपाळातून रक्त. एक हात अंगाखाली. मी सायकल टाकली आणि पळाले. "अहो, एवढा ढीग! एवढा मोठा ढीग दिसला नाही?"

ह्यांनी चांगला हात वर केला आणि माझ्या आवाजाच्या बाजूला चाचपला. माझा चेहरा हाताला लागला तेव्हा थांबले. ह्यांचं गाव धुळ्याकडचं. घरी आम्ही साधंच बोलतो, पण जिवावर बेतलं की ह्यांना आईची बोली येते.

"माले बाजूनं काहीच दिखत नही व," हे म्हणाले. "समोर तेवढं दिखस. बाकी बठ्ठं अंधारं शे."

बाकी सगळा अंधार! मी खडीवर बसले. कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी रिक्षा आणली. मला फक्त एवढं आठवतं की मी त्यांना ओरडत होते. रक्त पुसत होते आणि ओरडत होते. "मग बोलायचं नाही? मागून एक हाक मारता येत नव्हती? दिपा, सिग्नल म्हण, एवढं म्हणता येत नव्हतं?"

"अबोला तुझा होता," हे म्हणाले.

"अन् सिग्नल दिसला नाही तर गाडी उभी करायची, हे मला कुणी शिकवलं? का नाही थांबलात?"

"थांबलो असतो तर तुला कळलं असतं."

मनगट मोडलं होतं. ते बांधून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, शांत बोलत होते. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं खात आत येतो. दुखत नाही, खुपत नाही. जे गेलं ते परत येत नाही. जे उरलंय ते थेंबांनी राखायचं. "पण काका," डॉक्टर म्हणाले, "तुम्हांला आधी कुणी सांगितलं नव्हतं?"

मी म्हटलं, "कोण सांगणार? आजच आलोय."

"सांगितलं होतं," हे म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढचं सांगून टाकलं. गेल्या वर्षी धुळ्याला अक्काकडे, म्हणजे ह्यांची थोरली बहीण तानुबाई, तिच्याकडे गेले होते. तिच्या मोतीबिंदूसाठी सोबत म्हणून दवाखान्यात गेले आणि तिथं सहज स्वतःचे डोळे दाखवले. तेव्हाच कळलं होतं. थेंब लिहून दिले होते. रोज, न चुकता, जन्मभर.

"मग घातले का?" डॉक्टरांनी विचारलं.

"ही बाहेर गेली की घालायचो."

आणि मी बाहेर जाते कधी? बाजारात जाते तर दोघं, लग्नाला जाते तर दोघं. महिन्यातून एखादी दुपार बहिणीकडे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते जे म्हणाले ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाले, रोज घातले असते तर एवढं गेलं नसतं.

घरी आल्यावर ह्यांना खाटेवर बसवलं, समोर उभी राहिले आणि विचारलं, "का?"

ह्यांनी बांधलेला हात मांडीवर घेतला. मग मगनची गोष्ट काढली. मगन ह्यांच्याबरोबरचा ड्रायव्हर. नोकरीत असतानाच तपासणीत नापास झाला. त्याला इंजिनावरून उतरवलं आणि ऑफिसात बसवलं. मला तो आठवत होता. आमच्याच कॉलनीत राहायचा. हसरा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याची बायको त्याच्याशी कडाकडा भांडायची, सगळ्या कॉलनीला ऐकू जायचं.

"डोळे गेल्यावर ती भांडायची बंद झाली," हे म्हणाले. "हात धरून बाजारात न्यायची. 'इथे पाय ठेवा हं, सावकाश हं' असं बोलायची. लहान मुलाशी बोलतात तसं. मगन मला म्हणाला होता, नवल, नोकरी गेल्याचं काही नाही रे, ती माझ्याशी भांडत नाही आता."

"म्हणून?"

"म्हणून काय. मला तुझं ओरडणं पाहिजे होतं. एवढा उन्हाळा तरी."

ह्या माणसाला काय म्हणावं? बायकोच्या शिव्या ऐकायला मिळाव्यात म्हणून डोळे घालवले. मी भांडले, हो, भांडले. मूर्ख म्हटलं, आडमुठे म्हटलं, माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंत म्हटलं. रडत रडत म्हटलं. हे ऐकत बसले आणि मला दिसलं की ह्यांच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं झालंय. त्यानं मला आणखीच भडभडून आलं.

आता थेंब मी घालते. वेळ झाली की हे खाटेवर आडवे होतात, मी पापणी ओढते, थेंब टाकते. सायकल बंद. ह्यांची सायकल पुसून मी पडवीत उभी केली, तिच्याकडे ह्यांनी एकदाही तोंड वळवलं नाही. मला म्हणाले, "तू जात जा." मी गेले एकदा. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. एकटीनं ओरडायचं कुणासाठी?

आखाजी आली तेव्हा घागरीवर बाजारचं डांगर ठेवलं. मी काही बोलले नाही आणि हे म्हणाले, "बोल ना." मी म्हटलं, "बोलायचं काय त्यात, चालतं हो." ते म्हणताना माझा आवाज मला ऐकू आला. मऊ, सावकाश. मगनच्या बायकोचा. हेही ऐकत होते. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, जीभ उपटून टाकावी. ठरवून का भांडता येतं? कुणाचा पाय अडखळताना बघायचा आणि त्याच क्षणी त्याच्यावर ओरडायचं, हे मी आता रोज शिकतेय. सायकल शिकणं ह्यापेक्षा सोपं होतं.

परवाची गोष्ट. ऊन अजून चढलेलं नव्हतं. हे लिंबाखाली खाटेवर बसले होते. मी पाईप घेऊन गिलक्याच्या वेलाकडे निघाले होते.

"दिपा, जरा थांब."

"आता काय? पाणी वाया जातंय."

"आहे तिथंच थांब. नाही, अजून थोडी मागे जा. वेलापाशी. थोडी डावीकडे. माझ्या डावीकडे. हां. आता हलू नको."

मी थांबले. पाईपचं पाणी माझ्या पायांवर पडत होतं. हे पुढे वाकून माझ्याकडे बघत होते, डोळे जरा बारीक करून, इंजिनाच्या काचेतून लांबचा सिग्नल बघत असतील तसे.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"तू जवळ आलीस की तुकडे दिसतात," हे म्हणाले. "कपाळ दिसतं तर हनुवटी नाही. थेंब घालतेस तेव्हा नुसतं नाक असतं. तिथं उभी राहिलीस की सगळी मावतेस. पायापासून डोक्यापर्यंत."

मी कपाळावरचे केस मागे सारले.

"सायकलवर म्हणूनच तुला पुढे घातलं होतं," हे म्हणाले. "सिग्नलचं ते नंतर. मागून बघितलं की तू सगळी दिसायचीस. ती पिवळी ओढणी, ती तुझी ताठ पाठ. रोज एक फेरीभर दिसायचीस."

माझे डोळे भरून आले आणि हे मला धूसर झाले. मी पाईप खाली टाकला. वाटलं, धावत जावं, त्यांच्याशेजारी बसावं, त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घ्यावा. एक पाऊल टाकलंही.

"जवळ नको येऊ," हे म्हणाले. "थांब अजून जरा."

मी ते पाऊल मागे घेतलं आणि तिथंच उभी राहिले.